बाराव्या फोटोचा आरोपी

मित्रांनो, या धावत्या जगात जे काही स्थिर उरलं आहे, ते माझ्या जोरावर उरलं आहे. पृथ्वी फिरते, माणसं फिरतात, माणसांची मतं तर जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक अशी फिरतात. पण मी एकदा पाय रोवले की हलत नाही. अर्थात जमीन सपाट हवी. वारा नको. शेजारून ट्रक जाता कामा नये. आणि डाव्या पायाचा स्क्रू कोणीतरी नीट आवळलेला हवा.

मी एक जुना ट्रायपॉड आहे. हा शब्द ज्यांना परका वाटेल त्यांनी कॅमेऱ्याखालची तीन पायांची घोडी डोळ्यांपुढे आणावी. मला घोडी म्हटलेलं आवडत नाही, पण समजुतीसाठी एकदा चालेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलाशी एक तपासनीस बसत असे. प्रत्येक ट्रायपॉडवर विटांची पिशवी टांगायची आणि तो खचतो का ते दहा मिनिटं बघायचं, एवढंच त्याचं काम. त्याने माझ्याकडे दहा मिनिटं पाहिलं, मोठी जांभई दिली आणि शिक्का मारला. त्या जांभईचा मला आजही अभिमान आहे. ज्या ट्रायपॉडकडे बघताना माणसाला झोप येत नाही, त्याच्यात काहीतरी खोट असते.

पहिली सोळा वर्षं मी एका स्टुडिओत काढली. तिथे फक्त ओळखपत्रांचे फोटो निघत. बाहेर बाकावर हसतखिदळत बसलेली माणसं आत स्टुलावर आली की गुन्हा कबूल करायला आल्यासारखी तोंडं करत. मालक म्हणत, "हनुवटी जरा खाली." मग म्हणत, "एवढी नको." दिवसातून चाळीस वेळा हेच. पण मालक गुणग्राहक होते. "तीन कॅमेरे बदलले, हा खांब तसाच आहे," असं ते पाहुण्यांना सांगत. पुढे लोक आपापले फोटो आपापल्या मोबाइलवर काढू लागले आणि मालकांनी दुकान आवरलं. हाताखाली काम करणाऱ्या मुलीला ते म्हणाले, "आठवण म्हणून काय हवं ते ने." भिंतीवर चांगलं घड्याळ होतं. तरी तिने मला उचललं, हे मी नम्रपणे नमूद करतो.

या मुलीला तिचे वडील ठमी म्हणतात. तेव्हा आपणही ठमीच म्हणू.

ठमी सोमवार ते शनिवार एका कंपनीसाठी चपला-बुटांचे फोटो काढते. रविवारी मात्र ती कलावंत असते. तिने एक मोठा विषय हाती घेतला होता: शहरातलं एकटेपण. बारा फोटो काढायचे आणि एका चित्रदालनात लावायचे, असं तिथल्या बाईंशी ठरलं होतं. फोटोत एकच माणूस. त्याच्या मागेपुढे अफाट, ओसाड शहर. बसथांबा आहे पण उतारू नाही, सरकता जिना आहे पण त्यावर पाऊल नाही.

आता यातली गंमत ऐका. हे ओसाड शहर ठमीने कुठून आणलं? भर रविवारी सकाळी दहा वाजता, भर गर्दीतून. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ती एक काळी काच लावी आणि कॅमेऱ्याचा डोळा सलग तीन मिनिटं उघडा ठेवी. तीन मिनिटांत चारशे माणसं समोरून जात. पण चालणारा माणूस कुठेच पुरेसा टिकत नाही, म्हणून तो फोटोत उमटत नाही. जो जागचा हलला नाही तोच दिसतो. म्हणजे शहर रिकामं नव्हतंच. सगळे घाईत होते, एवढंच. आणि या सगळ्या प्रकारात तीन मिनिटं केसभरही न हलणारं कोणीतरी लागतं. एक फोटोतला माणूस, आणि दुसरा मी.

पहिल्या रविवारी ठमीने एका नाटकातल्या नटाला उभं केलं. तो इतका मन लावून एकटा दिसू लागला की जाणारे-येणारे थांबून "काय झालं हो, पाकीट मारलं का?" असं विचारू लागले. थांबलेली माणसं फोटोत आली. एकटेपणाच्या फोटोत सात माणसं निघाली आणि सातही काळजीत. मग ठमीने आपल्या वडिलांना आणलं.

बाबांनी बत्तीस वर्षं एका नऊ मजली कचेरीत लिफ्ट चालवली होती. उभं राहणं हा त्यांचा धंदाच. दार लावलं की ते दोनदा ओढून बघायचं, हा त्यांच्या हाताचा नेम. माणसांची ओळख ते मजल्यांच्या मापाने ठेवत. "तो सहाव्याचा गृहस्थ फार सज्जन, चौथ्यापर्यंत मुलाचं सांगायचा, पुढचे दोन मजले गुडघ्याचं." मग लिफ्ट आपली आपण चालायला शिकली आणि बाबा घरी आले. पुढच्या वर्षी ठमीची आई गेली. ठमी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होती. दोन बस बदलून यावं लागे.

मी जड असल्याने माझा मुक्काम बाबांच्या घरी, दाराआड. त्यामुळे बाबांचे आठवडे मी पाहिले आहेत. सोमवारी ते खिडकी उघडत, बंद करत. मंगळवारी फ्रिज उघडून आत बघत, जणू तिथे कोणी राहायला आलं असावं. बुधवारी दुपारी इमारतीच्या लिफ्टने विनाकारण खाली जाऊन वर येत. आत कोणी शिरलं तर सवयीने विचारत, "कितवा?" तो माणूस उत्तराऐवजी स्वतःच बटण दाबी. गुरुवारपासून घड्याळाकडे बघणं सुरू होई. शनिवारी संध्याकाळी बूट पुसून दारात ठेवलेले असत. एका खोलीत इतकं चालणारा माणूस मी पाहिला नाही. त्यांना पाहून माझ्यासारख्या स्थिर प्रकृतीच्या वस्तूचेही पाय शिवशिवू लागत.

आणि रविवारी हाच माणूस चौकात पुतळ्यासारखा उभा राही.

रविवार मोठा छान असे. बाबा मला खांद्यावर घेत, ठमीच्या हातात चहाचा थर्मास. जागेवर पोचून दोघं पायरीवर बसत आणि गर्दीची वाट बघत. कारण माणसं तुरळक असली की ती रमतगमत चालतात, थांबतात, आणि फोटो बिघडतो. "आज माणसंच नाहीत," ठमी वैतागून म्हणे, "आज काही एकटेपण नीट यायचं नाही." मग बाबा तिला आठवड्याचं विचारत. ती बुटांच्या कंपनीतल्या साहेबाची नक्कल करी. बाबा इतके हसत की मला भीती वाटे, हे फोटोत एकटे कसे दिसणार? पण एकदा जागेवर उभे राहिले की दिसत. तेवढं त्यांना शिकवावं लागलं नाही.

चौथ्या फोटोच्या वेळी बँकेच्या दारात एक लाँड्रीवाल्या काकू कपड्यांचं गाठोडं घेऊन त्यांच्यासमोर थांबल्या.

"कोणाची वाट बघताय?"

"फोटो चाललाय," बाबा ओठ न हलवता म्हणाले.

"मग हसा की जरा."

"हसायचं नाहीये. मी एकटा आहे."

"अगं बाई. घरात कोणीच नाही?"

"तसं नव्हे हो. फोटोत एकटा आहे."

काकू दीड मिनिट तिथेच उभ्या राहून विचार करत राहिल्या. फोटोत त्या धुक्यासारख्या उमटल्या आणि त्यांच्या पोटातून बँकेचं दार दिसू लागलं. ठमीने कपाळाला हात लावला. काकूंनी मात्र फोटो निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "मी एवढी बारीक कधी झाले?" प्रत त्यांनी मागून घेतली.

असे होता होता अकरा फोटो झाले. अकराव्याच्या दिवशी मला घडी करताना ठमी म्हणाली, "आता एकच राहिला बाबा. मग तुम्हाला सुट्टी. रविवारचे आरामात लोळा."

"हं," बाबा म्हणाले.

तो "हं" मी घडी होता होता ऐकला. त्या आठवड्यात बाबांनी फ्रिज सोमवारीच उघडून पाहिला.

बारावा फोटो कारंज्याच्या चौकात काढायचा होता. ठमीने माझे पाय रोवले, तिन्ही स्क्रू आवळले, कॅमेरा चढवला. बाबा म्हणाले, "थांब ठमे, मी एकदा बघतो." ते वाकले. लिफ्टच्या दाराचा तो सुप्रसिद्ध हात माझ्या डाव्या पायावर आला. मला वाटलं, आता स्क्रू आणखी घट्ट होणार. मित्रांनो, त्यांनी तो पाव आटा सैल केला. आणि "घट्ट आहे," असं म्हणून शांतपणे कारंज्यापाशी जाऊन उभे राहिले.

पाव आटा म्हणजे काही फार नाही. माझ्यासारखा अनुभवी ट्रायपॉड एक मिनिट तग धरू शकतो. दुसऱ्या मिनिटाला वरचा कॅमेरा भारी वाटायला लागतो. तिसऱ्या मिनिटाला मी गहूभर खाली बसलो. फोटो पुसट आला. कारंजं, चौक, बाबा, सगळंच जणू डोळ्यांत पाणी आल्यावर दिसावं तसं.

"घसरला वाटतं," ठमी म्हणाली.

"जुना झालाय," बाबा म्हणाले. "पुढच्या रविवारी येऊ परत."

त्या दुपारी घरी परतताना बाबा शीळ घालत होते.

असे पाच रविवार गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सोळा वर्षांत ज्याने एक हनुवटी हलू दिली नाही, त्याच्यावर ठमी रविवारच्या रविवार ठपका ठेवी. "हा कामातून गेला," "याचे सांधे गेले," "याच्या भरवशावर राहिले हीच माझी चूक." बोलावं तर मला तोंड नाही, आणि खरा चोरच साक्षीदार म्हणून शेजारी उभा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दाराआड उभं राहून मी सोमवार ते शनिवार धुमसत असे. वाटे, पाय असून चालता येत नाही, नाहीतर या घरातून कधीच निघून गेलो असतो. मग पलीकडे बाबा खोलीभर चालताना दिसत. ज्याला चालता येतं तोही याच दारापर्यंत येऊन परत फिरत होता. रागावावं तरी कोणावर?

पाचव्या रविवारी दालनातल्या बाई स्वतः चौकात आल्या. त्या हळू आवाजात बोलत, त्यामुळे जास्त भीती वाटे.

"महिनाअखेरीला उद्घाटन आहे. बारावा मिळणार ना?"

"ट्रायपॉड दगा देतोय," ठमी म्हणाली.

"मग नवा घ्या. आणि फोटो कसे काढता त्याची छोटी फिल्मही द्या. लोकांना हल्ली फोटोपेक्षा तेच आवडतं."

बाबा पुढे होऊन म्हणाले, "होईल हो बाई. घाईने एकटेपण येत नाही."

बाईंनी हे वाक्य वहीत टिपून घेतलं.

फिल्मसाठी ठमीने आपला मोबाइल कट्ट्यावर टेकवून चालू ठेवला आणि नेहमीप्रमाणे मला उभं केलं. बाबांनी नेहमीप्रमाणे "मी एकदा बघतो" म्हटलं. मोबाइलकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मोबाइलचं मात्र सगळ्यांकडे होतं.

घरी आल्यावर बाबा कप विसळायला आत गेले आणि ठमी टेबलाशी बसून ती फिल्म बघू लागली. मी दाराआडून तिचा चेहरा बघत होतो. आधी ती नुसतीच बघत होती. मग तिने फिल्म मागे नेली. पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा बोटांनी चित्र मोठं केलं. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. म्हटलं, सुटलो. आता ही उठेल, आत जाईल, "बाबा, हे काय?" म्हणेल, आणि मग माझ्याकडे येऊन निदान एकदा पाठीवर हात फिरवेल.

आतून बाबांचा आवाज आला, "ठमे, पुढच्या रविवारी थोडं लवकर निघू या का? पायरीवर सावली असते."

ठमीने मोबाइल पालथा ठेवला. बराच वेळ ती फ्रिजकडे, खिडकीकडे, दारातल्या पुसलेल्या बुटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. निघू."

एवढंच. माझ्या पाठीवर हात वगैरे काही नाही.

पुढच्या रविवारी ती एक लांबट खोका घेऊन आली. आत नवा ट्रायपॉड होता. काळा, सडपातळ, पिसासारखा हलका. बाबांनी खोक्याकडे असं पाहिलं, जसं पूर्वी त्यांनी लिफ्टमध्ये बटणांची पाटी बसवणाऱ्या मिस्त्र्याकडे पाहिलं असेल.

"आणलास होय," ते म्हणाले.

"आणला. पण एक स्क्रू कमी निघाला आत."

"बघू. मी बसवतो काहीतरी."

"नको नको. दुकानात परत द्यायचाय. आज जुनाच घेऊ."

मित्रांनो, त्या खोक्यात स्क्रू पुरते होते. मी जातीचा आहे, मला आवाजावरून कळतं.

कारंज्याच्या चौकात त्या दिवशी मनासारखी गर्दी होती. ठमीने मला उभं केलं आणि आपणहून म्हणाली, "बाबा, स्क्रू बघता ना एकदा?" आणि तिने तोंड फिरवून कबुतरं बघायला सुरुवात केली.

बाबा वाकले. मी श्वास रोखून, म्हणजे नळ्यांत असेल नसेल ती हवा रोखून, दग्याची वाट बघू लागलो. हात आला. स्क्रूवर थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यांनी तो उजवीकडे फिरवला. आणखी फिरवला. पाय धरून ओढून बघितला, एकदा आणि मग पुन्हा एकदा.

"घट्ट आहे," ते म्हणाले. मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "अडवून किती दिवस अडवायचं. पोरीचं काम होऊ दे आज."

आणि ते उभे राहिले. त्यांचं असं उभं राहणं मी कधी पाहिलं नव्हतं. हात बाजूला, मान सरळ, जणू नऊही मजल्यांची माणसं एकदम आत आली आहेत आणि दार नीट लागल्याशिवाय निघायचं नाही. पहिलं मिनिट गेलं. मी दगड झालो होतो. दुसरं मिनिटही गेलं. लाँड्रीवाल्या काकू गाठोडं घेऊन आल्या, बाबांकडे बघून नुसत्या ओळखीच्या हसल्या आणि न थांबता निघून गेल्या. त्या दिवशी सगळं जग माझ्या बाजूने होतं. आता पन्नास सेकंद. पन्नास सेकंदांनी शहराला कळणार होतं की या ट्रायपॉडच्या सांध्यांत काडीचीही खोट नाही.

ठमी खाली बसली. बुटाची नाडी बांधत असल्यासारखे तिचे हात हलले. तिच्या पायांत चपला होत्या. चपलांना नाडी नसते, हे माझ्या ध्यानात येईपर्यंत तिने माझा डावा स्क्रू पाव आटा फिरवलेला होता.

हात नवशिका होता. बाबांसारखी हलकी सफाई त्यात नव्हती. मी गहूभर नव्हे, चांगला बोटभर खाली आपटलो.

"गेला," ठमी म्हणाली. "परत घसरला हा."

बाबा आले. दोघांनी फोटो पाहिला. रिकाम्या चौकात दोन कारंजी होती आणि दोन बाबा होते, खांद्याला खांदा लावून, एक दुसऱ्यापेक्षा किंचित वर. बाबा वाकले आणि त्यांनी माझ्या स्क्रूवर बोट ठेवून तो किती सैल आहे ते पाहिलं. बत्तीस वर्षांत ज्याने दार लागलं म्हटलं आणि लागलं नाही असं कधी झालं नव्हतं, तो माणूस तिथेच गुडघ्यावर बसून राहिला.

"मी आवळला होता," ते म्हणाले.

"हो का?" ठमी पुन्हा कबुतरंच बघत होती. इतक्या लक्षपूर्वक की जणू त्यांची हजेरी घ्यायची होती.

"दोनदा ओढून बघितला."

"जुना झालाय हो तो. त्याचं काय सांगता येतंय."

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिच्या चपलांकडे पाहिलं. मग स्क्रू आवळून, गुडघ्यावर हात टेकत उठले.

"मग पुढच्या रविवारी बघावं लागेल परत."

"बघावंच लागेल. दहाला?"

"साडेनऊला ये. सावली असते."

ते मला खांद्यावर घेऊन निघाले. त्या दिवशी शीळ नव्हती. पण त्यांचा खांदा माझ्याखाली सारखा हलत होता, आणि थंडी तर नव्हती.

प्रदर्शनात तोच दोन बाबांचा फोटो बारावा म्हणून लागला. दालनातल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या की सगळ्यांत खोल हाच आहे. एका जाणकाराने लिहिलं की शहरात माणसाला सोबत लाभते ती अखेर स्वतःचीच. लाँड्रीवाल्या काकू त्या फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहून बाबांना म्हणाल्या, "भाऊ तुमचे? तोंडवळा अगदी तुमचाच." बाबा म्हणाले, "हो. रविवारचा येतो."

ठमीने बाबांना सांगितलं की तो फोटो तात्पुरता आहे, खरा बारावा अजून निघायचाच आहे. बाबांनी सांगितलं की असल्या कामात घाई उपयोगाची नाही. त्यामुळे खरा बारावा आजही निघालेला नाही. कोणत्या रविवारी स्क्रू कोण सैल करतं, हे आता मी मोजत नाही. दोघंही तरबेज झाले आहेत. ठपका मात्र माझ्या एकट्यावर आहे आणि नवा ट्रायपॉड स्क्रू कमी असल्याच्या बदनामीसह पलंगाखाली पडून आहे. आमची दोघांची आता चांगली ओळख झाली आहे.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वाचकांना बोध करायची रीत आहे. घरातल्या जुन्या वस्तूला निकामी ठरवण्याआधी तिचा स्क्रू कोणी सैल केला ते पाहावं, असं मी म्हणणार होतो. पण तसं सगळ्यांनी पाहिलं तर ठमीचे आणि बाबांचे रविवार संपतील, म्हणून म्हणत नाही. मला न्याय नको. माफी नको. निर्दोष असल्याचा कागदही नको. फक्त कोणीतरी बाबांना एवढं सांगावं: आठवडाभर माझ्यावर टॉवेल वाळत घालता, घाला, माझी ना नाही; पण घालण्याआधी नीट पिळत चला.